आधी कोण आलं

ओराझबेक आईला न्यायला आला होता आणि येताना एक मेंढा घेऊन आला होता. आईच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि लांबच्या प्रवासाला निघण्याआधी जनावर कापून दुआ मागायची, ही दोन्ही कामं एकाच मेंढ्यात उरकत होती. सारीआगाशपासून पेत्रोपाव्लपर्यंत, म्हणजे देशाच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत, मेंढा गाडीच्या मागच्या भागात उभा राहून आला. वाटेत त्याने बायकोपेक्षा बरीच कमी कटकट केली, असं ओराझबेकचं मत होतं. रिस्तीचंही मत तेच होतं, फक्त तिने तुलना नवऱ्याशी केली.

शहराची बस जिथे वळसा घालून परत फिरते, त्याच्या पुढे ती गल्ली होती. कोरीव लाकडी खिडक्यांची बुटकी जुनी घरं, आणि छपरापासून कुंपणापर्यंत नुसता बर्फ. घरांना सरकारने नुकताच रंग दिला होता, सगळ्यांना एकच हिरवा. एका घराच्या खिडक्या तेवढ्या निळ्या होत्या, कारण हिरवा संपला होता.

धाकटा दोसबोल बर्फ लोटायच्या नारिंगी गाडीतून उडी मारून उतरला. द्राक्षमळ्याच्या वाटणीनंतर दोघे भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलले नव्हते, त्यामुळे आता बोलताना दोघेही जरा जास्तच मोकळेपणाने बोलत.

"या आगा, या. रस्ता कसा होता?" त्याने थोरल्याला विचारलं.

"रस्ता होता का? मला नाही दिसला."

"गल्ली तर मी सकाळीच साफ केलीय."

"साफ करून टाकलंस कुठे?"

दोसबोलने हातमोजा घातलेलं बोट दाखवलं. समोरच्या घराच्या फाटकापुढे पुरुषभर उंचीचा ढिगारा होता. ओराझबेक बघतच राहिला.

"लोक काही म्हणत नाहीत तुला?"

"कोणी काहीच म्हणत नाही, आगा," दोसबोल म्हणाला. "तोच तर सगळा घोळ आहे."

मेंढ्याला खाली उतरवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने बर्फाला तोंड लावलं, आणि लगेच काढलं. त्या क्षणी ओराझबेकला तो अगदी रक्ताच्या नात्यातला वाटला.

*

घरात शिरल्या शिरल्या ओराझबेकला दारासमोरच्या मानाच्या जागी नेऊन बसवलं. पाठीमागे एक उशी, दोन्ही बाजूंना दोन, मांडीखाली जाड रजई. तो अवघडून बसला. बावन्न वर्षांच्या आयुष्यात आईच्या घरात तो या जागी कधीच बसला नव्हता. तिथे पाहुणे बसतात. सारीआगाशच्या जुन्या घरात तो दाराजवळ, बुटांच्या शेजारी बसायचा, आणि कोणाला काही हवं असलं की तिथूनच उठून आणायचा. आता ते घर विकलं गेलं होतं आणि तो पाहुणा झाला होता.

आई, म्हणजे बिबाइशा आपा, त्याच्या समोर बसल्या होत्या. अंगात प्रवासाचा कोट, डोक्याला प्रवासाचा रुमाल. भिंतीवरचा गालिचा खाली उतरून, गुंडाळून, दोरीने बांधून उभा केलेला. समोवार पोत्यात घातलेला. चहा त्यामुळे किटलीतून मिळत होता, आणि प्रत्येक वेळी किटली पाहून आपा मान फिरवत होत्या, जणू तिला तिथे दुसऱ्याच कोणी आणून बसवलं होतं. मांडीवर दोसबोलची दोन वर्षांची जेरे आजीच्या कोटाची गुंडी चोखत होती.

"फोनवर मी सगळं बोलले नाही," आपा म्हणाल्या. "फोनवर रडवत नाही मला. आता तोंडावर सांगते. उरलेला शरद गेला, अर्धा हिवाळा गेला. या गल्लीतल्या एकाही घरातून बशीभर तळलेले बौरसाक आले नाहीत. नवं घर गल्लीत आलं की जुन्यांनी त्यांना बोलवायचं, पोटभर जेवू घालायचं, म्हणायचं, आजपासून तुम्ही आमचे. येरुलिक द्यायचा. ही काय मी काढलेली रीत आहे? शेळी नव्या कळपात सोडली तरी बाकीच्या शेळ्या येऊन हुंगून जातात. मला कोणी हुंगलंसुद्धा नाही."

"आपा, हे उत्तरेकडचे लोक आहेत," दोसबोल म्हणाला. "इथे वेगळं असेल."

"कझाक आहेत ना?"

"दिसतात तसे."

"दिसतात म्हणजे काय?"

"आपा, डोळे आणि नाकाचा शेंडा, एवढंच दिसतं. बाकी सगळा मफलर."

"तू त्यांच्या फाटकांवर डोंगर रचतोस आणि मग म्हणतोस बोलावत नाहीत!"

"यंत्राचं तोंड उजवीकडेच वळतं, आपा. त्याला मी काय करू? समोरच्यांनी डावीकडे राहायला हवं होतं."

ओराझबेकने घसा साफ केला. रस्ताभर त्याने हे वाक्य घोळवलं होतं. रिस्तीला ते पाठ झालं होतं.

"म्हणून तर मी आलोय. जिथे माणसाला कोणी माणूस म्हणत नाही तिथे माझी आई राहणार नाही. आपा माझ्याकडे येतील. उद्या सकाळी मेंढा कापू, दुआ मागू आणि निघू."

रिस्तीने पेल्यात पाहिलं. चहात दूध जास्त झालं होतं, हे तिला एकदम फार महत्त्वाचं वाटू लागलं.

 दोसबोल खाली बघत म्हणाला, "आपा जाणार असतील तर मीही निघतो. कचेरीत सांगतो तसं. आई धाकट्याच्या घरी राहते, ही रीत आहे. धाकट्याने आईला दुसऱ्याच्या छपराखाली ठेवायचं आणि आपण मजेत राहायचं, असं आपल्या घरात अजून झालेलं नाही. माझ्यापासून सुरू नको."

"दुसऱ्याच्या?" ओराझबेक म्हणाला. "माझं छप्पर दुसऱ्याचं?"

"तसं नाही म्हणायचं मला, आगा."

"मग कसं म्हणायचंय?"

दोसबोलची बायको मकपाल किटली घेऊन उभी होती. तिने ती टेबलावर ठेवली. जोरात नाही, पण इस्पितळात औषधाची बाटली ठेवावी तशी, नेमक्या जागी.

"मी नाही येणार," ती म्हणाली.

 कोळशाच्या खोपटातून मेंढा ओरडला. त्याला जणू विचारलं गेलं होतं.

*

स्वयंपाकघरात दोघी जावा एकमेकींकडे पाठ करून कामाला लागल्या. मकपाल कणीक मळत होती, रिस्ती कांदा चिरत होती. कांदा चिरायचं काही कारण नव्हतं, पण रिस्तीला वाटलं, थोड्या वेळात डोळे पुसायची वेळ आलीच तर कारण तयार असावं.

"जेंगे, निदान तुम्ही तरी माझ्या बाजूच्या असाल असं वाटलं होतं," मकपाल थोरल्या जावेला म्हणाली.

"आहेच मी तुझ्या बाजूची," रिस्ती म्हणाली. "पण मोठ्याने नाही."

मकपालला हसू आलं आणि त्याच झटक्यात रडूही आलं. तिने मनगटाने नाक पुसलं, नाकाला पीठ लागलं.

"सारीआगाशला मला इस्पितळात कधी घेतलंच नाही. जागा निघाली की कोणाची तरी भाची निघायची. दोसबोल दुसऱ्याची टॅक्सी चालवायचा, सीमेपर्यंत आणि परत. उत्तरेला याल तर घर आणि काम देतो, असं सरकारने म्हटलं म्हणून आलो. इथे पहिल्याच दिवशी मुलांच्या वॉर्डात मोठ्या परिचारिकेने औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. नाव विचारायच्या आधी! मी म्हटलं, मी नवीन आहे. ती म्हणाली, मुलं तर तापलेली आहेत ना, ती जुनीच आहेत." तिने कणकेवर मूठ मारली. "मी ती किल्ली परत देणार नाही, जेंगे. हा गेला तर जाऊ दे."

"असं बोलू नकोस."

"तुम्हाला आपा हव्यात का तुमच्याकडे? खरं सांगा."

रिस्तीने सुरी थांबवली. या प्रश्नाचं खरं उत्तर तिने स्वतःलासुद्धा कधी दिलं नव्हतं. आपा चांगल्या होत्या. फक्त त्या ज्या घरात असत, त्या घरात दुसऱ्या बाईला मीठ किती घालायचं हे कधीच कळायचं नाही.

"मला नकोत," ती म्हणाली. "पण यांना हव्यात. गेल्या ईदला यांनी चाळीस माणसांचं रांधायला लावलं. फाटक सताड उघडं ठेवलं. सहा जण आले. आले आणि म्हणाले, आपा कुठायत? उत्तरेला गेल्या म्हटल्यावर उभ्याउभ्या चहा पिऊन गेले. सगळे आपांना भेटायला यायचे गं. यांना वाटायचं, आपल्याकडे येतात." तिने कांदा पातेल्यात लोटला. "आता रोज संध्याकाळी फाटकापर्यंत जातात. मला सांगतात, कुलूप बघून आलो. आम्ही कुलूप लावतच नाही."

 मकपालने जावेच्या हातातून सुरी काढून घेतली आणि पुढचा कांदा स्वतः चिरायला घेतला. त्या दिवशी त्या घरात कांदा फार झाला.

*

आपा खिडकीशी बसल्या होत्या. ही खिडकी त्यांना पाठ होती. समोरच्या घरात जुनी माणसं राहतात, याचे पुरावे त्यांनी एकेक करून गोळा केले होते. एक, कुत्रा. तो बर्फात पसरून झोपायचा, जसे दक्षिणेतले कुत्रे सावलीत झोपतात. नव्या माणसाचा कुत्रा असा झोपत नाही. दोन, छपराखाली रचलेले बर्चचे ओंडके. ते कालपरवा फोडलेले नव्हते, उन्हापावसाने काळे पडले होते. तीन, पायरीवरचे नमद्याचे मोठाले बूट. आणि चौथा म्हणजे तो म्हातारा, जो टोपीचे कानपट्टे न बांधताच बाहेर यायचा. एवढी मिजास इथे जन्मलेल्यालाच परवडते.

आपलं सामान उतरवलं त्या दिवसात त्या घरातली बाई एकदा याच खिडकीकडे बघून हसली होती. आपांनी पडदा सोडला होता. हसून भागतं का? हसणाऱ्याने पुढे बोलवायचं असतं.

ओराझबेक आला आणि शेजारी जमिनीवर बसला, मानाची जागा सोडून.

"आपा, खरं सांगा. तुम्हाला यायचंय का माझ्याकडे?"

आपांनी जेरेच्या तोंडातून गुंडी काढली. जेरेने ती परत घातली.

"मला बोलावलेलं हवंय," त्या म्हणाल्या.

"मी बोलावतोय ना."

"तू मुलगा आहेस. मुलाने बोलावलं ते मोजत नाहीत." थोडा वेळ त्या समोरच्या छपरावरच्या धुराकडे बघत राहिल्या. "तुला वाटतं मी जेवणासाठी रडतेय? मला काय, दात आहेत चार. पण इथे मी मेले, ओराझबेक, तर उचलायला कोण येईल? दोसबोल एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला? मकपाल? तो मफलर? ज्यांनी कधी माझ्या हातावर पाणी घातलं नाही, ते माझ्यावर माती घालतील का? आणि मातीसुद्धा इथे सहा महिने दगड झालेली."

"मग चला ना माझ्याबरोबर."

"आले तर हा पोरगा मागून येईल. आणि ती येणार नाही. मी काय आंधळी आहे?" आपांनी जेरेची टाळू हुंगली. "इकडे राहिले तर परकी मरेन, तिकडे आले तर यांचं घर मोडेन. सांग, तू शिकलेला आहेस."

ओराझबेक शिकलेला होता. त्याने वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता, आणि उत्तरेच्या हवामानाबद्दल मुलांना जे सांगितलं ते बरोबर होतं एवढंच त्याला या प्रवासात कळलं होतं. तो उठला. कोट चढवला.

"कुठे निघालास?"

"त्या म्हाताऱ्याला दोन शब्द सांगून येतो. मग सुखाने निघू."

"भांडू नकोस!" आपा म्हणाल्या, आणि काच नीट दिसावी म्हणून बाहीने पुसून घेतली.

*

समोरच्या फाटकापर्यंत पोचायचं तर ओराझबेकला आपल्याच भावाने रचलेला ढिगारा चढावा लागला. माथ्यावर पोचेपर्यंत एक पाय कमरेपर्यंत आत गेला. त्या अवस्थेत रागाने बोलणं कठीण असतं, पण भूगोलाच्या मास्तरला मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय असते.

"अहो घरातले! कोणी आहे का?"

कुत्रा उठला, भुंकला, पुन्हा झोपला. दार उघडून म्हातारा बाहेर आला. हातात फावडं, कानपट्टे मोकळे.

"काय आहे?"

"तुम्ही कझाक आहात ना?"

"नाही, हंगेरियन आहे. बोल."

"मग लाज नाही वाटत? समोर माझी आई राहते. म्हातारी बाई. परक्या मुलखात आली, बर्फात आली. इतके महिने झाले, तुमच्या घरातून एक पेला चहा गेला नाही तिला. येरुलिक म्हणून काही असतं की सगळं इथून गेलेल्या जर्मनांबरोबर जर्मनीला पाठवलंत?"

म्हाताऱ्याने फावडं बर्फात रोवलं. त्याचा चेहरा लाल झाला. तो थंडीने आधीच लाल होता, त्यामुळे हे फक्त त्याच्या बायकोला कळलं, जी मागे दारात येऊन उभी राहिली होती.

"मी? मी बोलवायचं?" म्हातारा म्हणाला. "ऐकलंस का, उल्मेकेन? मी बोलवायचं! अरे, आम्ही कझालीचे. सीरदर्याच्या काठचे. भात पिकवणारी माणसं! मुलाला इथे रेल्वेत नोकरी लागली म्हणून आलो. पहिला बर्फ पडला त्या सुमारास तुमच्या खिडकीत एक म्हातारी दिसली. माझी बायको तिला बघून हसली. पडदा पडला! त्या दिवसापासून आम्ही वाट बघतोय की जुनी माणसं आहेत, आज बोलावतील, उद्या बोलावतील."

"कोण जुनी माणसं?"

"तुम्ही!"

"आम्ही सारीआगाशचे आहोत!"

"खोटं बोलू नकोस. सरकारी बर्फगाडी तुमच्या दारात उभी असते. परमुलखातल्या माणसाच्या हातात बर्फगाडी कोण देईल? आणि तो तुमचा भाऊ रोज सकाळी माझ्या फाटकावर हा एवढा ढीग आणून टाकतो. मी हिला म्हटलं, चूप बस, उत्तरेकडे येरुलिक असाच देत असतील."

ओराझबेकने पाय उपसायचा प्रयत्न केला. बूट आतच राहू पाहत होता.

"पण कुत्रा?" तो म्हणाला. त्याच्या आवाजातली शाळा आता सुटली होती. "आई म्हणते, कुत्रा इथला आहे."

"कुत्रा इथलाच आहे. घराबरोबर आला. आधीचा मालक ठेवून गेला. कझाक भाषा कळत नाही त्याला, मुलगा रशियनमध्ये ओरडतो तेव्हा कुठे हलतो."

"आणि ओंडके?"

"मालकाचे."

"बूट?"

"मालकाचेच. मला तीन बोटं मोठे होतात. आत गवत कोंबून घालतो."

"मग कानपट्टे का बांधत नाही?"

"बांधायचे असतात का?" म्हातारा म्हणाला. त्याचं नाव जुमागेल्दी होतं, आणि शरदापासून त्याचे कान ठणकत होते.

एवढ्या वेळात निळ्या खिडक्यांचं दार उघडलं होतं. मफलर गुंडाळलेली एक बाई ओरडून विचारत होती, काय झालं, कोणी वारलं का? मफलर खाली ओढल्यावर ती अगदीच तरुण निघाली. ती जेतिसायची, कापसाच्या मुलखातली. तिचा नवरा बॉयलरवर कामाला होता, आणि तिचा समज असा होता की सगळी गल्ली एकमेकांच्या घरी जेवते, फक्त आपल्याला वगळून. कोपऱ्यावरच्या घराबद्दल तिने सांगितलं की ते तुर्किस्तानचे आहेत आणि कोणाशी बोलत नाहीत, गर्विष्ठ आहेत.

"मग या गल्लीत जुनं आहे तरी कोण?" उल्मेकेन म्हणाली.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग कुत्र्याकडे. कुत्र्याने शेपटी एकदा आपटली.

*

आपा पायरीवर येऊन उभ्या होत्या. प्रवासाचा कोट, प्रवासाचा रुमाल, कडेवर जेरे. काच बंद असूनही त्यांनी बहुतेक सगळं ऐकलं होतं, उरलेलं आता दार उघडून ऐकलं. मागे दोसबोल आणि त्याच्या मागे पीठ लागलेल्या नाकाची मकपाल.

"भांडण पुरे," आपा म्हणाल्या. "सगळेच नवे असतील तर त्यातल्या त्यात जुनं कोण, एवढंच बघायचं. जो आधी आला त्याने बोलवायचं. सरळ आहे. तुम्ही कधी आलात?"

"पाण्याच्या पिंपावर पहिला बर्फाचा पापुद्रा धरला तेव्हा," जुमागेल्दी म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. गल्लीभर माणसांना जेवण घालायचं म्हणजे एक घोडं तरी कापायला हवं.

"आम्ही त्यानंतर," जेतिसायची घाईघाईने म्हणाली. "आणि कोपऱ्यावरचे तर आमच्याही नंतर. मी बघितलंय."

"आम्ही तर बर्फ पडायला लागल्यावर आलो," आपा म्हणाल्या. "मी आणि सून. म्हणजे तुम्हीच—" त्या थांबल्या. "दोसबोल, तू बूट का बघतोयस?"

दोसबोल खरोखरच बूट बघत होता.

"आपा, मी आधी आलो होतो ना. घर दुरुस्त करायला. टरबुजं निघतात ना आपल्याकडे, तेव्हा."

"ते माहीत आहे मला. तेव्हा इथे कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

"कोणीच नव्हतं?"

"हा कुत्रा होता. मी त्याला पाव घालायचो. सगळ्या घरांच्या खिडक्या बंद होत्या. मला वाटलं, उन्हाळा आहे, शहराजवळचे लोक आहेत, बागेतल्या घरी गेले असतील बटाटे काढायला. मग शरदात एकेका घरात दिवे लागले. मला वाटलं, परत आले."

कोणी हसलं नाही. हसू खूप नंतर आलं, आणि मग त्या गल्लीत ते वर्षानुवर्षं पुरलं. त्या क्षणी सगळे फक्त आपांकडे बघत होते.

आपा मनात मागे मागे जात होत्या. तो खाली आलेला पडदा. त्यामागून त्यांनी धरलेला राग. आपण जेव्हा या काचेतून बघत होतो की आज तरी कोणी बोलावेल, तेव्हा तिकडच्या काचेतून एक बाई आपल्याकडे तेच बघत होती. आणि ते तिच्या हक्काचं होतं. गल्लीत पहिला दिवा आपल्या घरात लागला होता.

"शरदापासून," त्या हळूच म्हणाल्या. "शरदापासून तुम्ही माझ्या दारात उपाशी बसलायत."

"उपाशी म्हणजे," जुमागेल्दी ओशाळून म्हणाला, "घरी जेवत होतो आपा."

"ते जेवण नव्हे." आपांनी जेरेला मकपालच्या हातात दिलं. मग डोक्यावरचा प्रवासाचा रुमाल सोडला, घडी केली आणि तीही मकपालच्याच हातात दिली. मकपालने ती घडी किल्लीसारखी घट्ट धरली.

"आपा?" ओराझबेक ढिगाऱ्यावरून म्हणाला. एक पाय अजून आत होता. "उद्या सकाळी आपण..."

"गल्लीभर लोकांना उपाशी ठेवून मी कुठे जाऊ? तोंड दाखवायला जागा राहील का मला सारीआगाशला? मेंढा कुठाय?"

मेंढा खोपटात होता. आधी कोण आलं या प्रश्नात तोच एक असा होता की ज्याने सगळ्यात शेवटी येऊन सगळ्यांचं काम केलं.

*

संध्याकाळपर्यंत घर माणसांनी भरलं. गालिचा दोरीतून सुटून जमिनीवर पसरला, समोवार पोत्यातून निघून आपल्या जागी गेला, आणि किटलीकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही. कोपऱ्यावरचे तुर्किस्तानवालेही आले. गर्विष्ठ नव्हते. त्यांच्या दाराची घंटा गोठली होती, एवढंच. येताना त्यांनी बशीभर बौरसाक आणले होते, झाकलेले, गरम. आपांनी ती बशी दोन्ही हातांनी घेतली आणि आत नेऊन ठेवायला जरा जास्तच वेळ लावला.

जुमागेल्दीला मानाच्या जागेकडे नेलं. ओराझबेक सवयीने त्याच्या मागोमाग निघाला.

"तू कुठे चाललास?" आपा म्हणाल्या.

"बसायला."

"ती पाहुण्यांची जागा आहे. तू काय पाहुणा आहेस? तांब्या घे, टॉवेल घे. लोकांचे हात धुवायचेत."

"आपा, आगा इतक्या लांबून आलेत, मी घालतो पाणी," दोसबोल म्हणाला.

"तू मांस काप. थोरल्याने आईच्या घरात बसून खायचं असतं का?"

ओराझबेकने तांब्या उचलला. बावन्नाव्या वर्षी, खांद्यावर टॉवेल टाकून तो गुडघ्यावर एकेका माणसासमोर सरकत गेला, कझालीच्या, जेतिसायच्या, तुर्किस्तानच्या हातांवर कोमट पाणी घालत. प्रत्येकाने त्याला दुआ दिली. सगळ्यांचे हात झाल्यावर तो दाराजवळ, बुटांच्या शेजारी जाऊन बसला. आतल्या दारातून रिस्तीने त्याच्याकडे पाहिलं. मळ्याच्या वाटणीनंतर तिने त्याला इतकं ऐसपैस बसलेलं पाहिलं नव्हतं. तिने कांदा चिरलेला नव्हता, तरी डोळे पुसले.

"ईदला," आपा त्याला म्हणाल्या, त्याच्या समोरून मांसाची परात पुढे नेताना, "उशिरा येऊ नकोस. घरच्याने सगळ्यांच्या आधी यायचं असतं. फाटक उघडायला माणूस लागतो."

"येतो, आपा."

"आणि आम्ही उन्हाळ्यात तुझ्याकडे येऊ. सगळेच. रिस्ती, ऐकलंस का?"

"ऐकलं, आपा," रिस्ती म्हणाली. उन्हाळा लांब होता.

मेंढ्याचं डोकं जुमागेल्दीसमोर ठेवलं. त्याने बिस्मिल्ला म्हणून आधी एक कान कापला आणि जेरेला दिला. जेरेने गुंडी सोडून कान धरला. दोसबोलने उद्यापासून बर्फ कुठे टाकायचा यावर सगळ्या पुरुषांनी मतं दिली. यंत्राचं तोंड उजवीकडेच वळतं हे कळल्यावर, गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून यायला काय झालं, असं जेतिसायच्या पोरीने विचारलं. दोसबोल विचारात पडला. हे त्याला सुचलं नव्हतं.

उल्मेकेनने पेला पुढे केला. बाहेर पुन्हा बर्फ सुरू झाला होता आणि वारा छपरावर काहीतरी ओढत होता. तिने खिडकीकडे पाहिलं. कझालीला आणखी महिन्याभरात लोक कोट काढून हातात घ्यायला लागतात.

"आपा," तिने विचारलं, "इथला हिवाळा संपतो तरी कधी?"

आपांनी चहा ओतला, थोडा ओतला, मानाने ओततात तसा. खिडकीबाहेर एकदा बघून घेतलं, माणूस आपल्या अंगणात बघतो तसं.

"संपतो?" त्या म्हणाल्या. "तुम्ही नव्या आहात म्हणून विचारताय. अजून सुरू कुठे झालाय?"